राघो भिवाचा बिल्ला

निकम सर,

शाळेच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लेख लिहून द्यावा, असा निरोप मुख्याध्यापकांनी पाठवला आहे. निरोपात दोन सूचना आहेत. लेख एका पानात मावावा आणि तो गौरवपर असावा. पहिली सूचना मी मोडणार आहे. दुसरी पाळली की मोडली, ते वाचणाऱ्याने ठरवावे. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षे झाली, कोणते पुरस्कार मिळाले, हे सारे शाळेच्या कार्यालयात आहे. कोणीही उतरवून घेईल. मी तुमच्याशीच बोलणार आहे, कारण मला जे विचारायचे आहे ते दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. तुम्ही उत्तर देणार नाही हे मला समजते. उत्तर देता येत होते तेव्हाही तुम्ही दिले नाहीत.

तुमच्याशी बोलत असले तरी वाचणाऱ्याला वाऱ्यावर सोडता येणार नाही. विषय स्पष्ट केल्याशिवाय पुढे जाण्याची सवय आपल्या दोघांनाही नव्हती. म्हणून आधी विषय. इंग्रजांच्या राज्यात दोन महायुद्धे झाली. आपल्याकडचे शिपाई त्यांत बसरा, फ्रान्स, ब्रह्मदेश इथवर गेले. जे परत आले त्यांनी ठिकठिकाणी आपापली मंडळे काढली; कुठे पेन्शनसाठी, कुठे जमिनीसाठी, कुठे नुसतेच अधूनमधून एकत्र बसण्यासाठी. त्या मंडळांनी सभासदांसाठी बिल्ले करून घेतले. कोटाच्या काजात अडकवायचे किंवा फेट्याला टाचायचे. पदक सरकार देते आणि असंख्य पदके एकसारखी असतात. बिल्ला मात्र शिपायांनी आपसांत वर्गणी काढून करवलेला असतो. म्हणून तो ओबडधोबड असतो, थोड्यांकडेच असतो, आणि माणूस गेला की घरात कोणाला त्याचे काय करायचे ते कळत नाही. तुम्ही चित्रकला शिकवत होतात, मी गणित आणि भूगोल. असे बिल्ले, त्या मंडळांच्या नावाचे पेले, पट्ट्यांची बक्कले आपण दोघांनी मिळून जमवली. शिक्षकखोलीत आपल्याला ‘बिल्ला कंपनी’ म्हणत. कोणी विचारले, “काय कंपनी, या रविवारी काय नफा?” तर तुम्ही म्हणायचात, “नफा नाही, घसारा.” आणि सगळे हसत.

देवळाली कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून आपण हिंडत असू. तुमच्या पिशवीत भिंग आणि शालिनीवहिनींनी बांधून दिलेल्या दशम्या. माझ्या पर्समध्ये व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याची सरकपट्टी. प्रयोगशाळेतून बाद झालेली ती मी मागून घेतली होती. तो म्हातारा सिंधी दुकानदार आठवतो? एकदा त्याने मखमलीत गुंडाळलेला बिल्ला मोठ्या अदबीने पुढे केला.

“सर, असली चीज आहे. साहेबाच्या बंगल्यातून आली.”

“कुठल्या साहेबाच्या? गेल्या महिन्यातल्या, की त्याच्या आधीच्या?”

“तुमच्यासारखी चार गिऱ्हाईकं रोज आली ना सर, तर मी कुलूप लावून त्र्यंबकला जाऊन बसेन.”

“बाई, लावा तुमची व्हर्नियर.”

मी माप घेतले. त्याच जातीचा बिल्ला आपल्याकडे होता आणि त्याचे माप मला पाठ होते. दुकानदाराचा बिल्ला किंचित लहान भरला. तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून, दशमी खात, तुम्ही मला शिकवलेत: “बाई, ओतलेला धातू निवताना आखडतो. खऱ्या बिल्ल्यावरून साचा काढला आणि त्यात नक्कल ओतली, तर ती खऱ्यापेक्षा केसभर लहान निघणार. कितीही हात बसलेला असू दे. डोळ्याला नाही कळत ते. सरकपट्टीला कळतं.” दुकानदार हसला आणि त्याने आपल्यासाठी चहा मागवला. पकडला गेल्यावर त्याने निदान चहा पाजला, सर.

तुमचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी नाकारणार नाही. तुम्ही भेटेपर्यंत मी वस्तू मोजल्या होत्या, पाहिल्या नव्हत्या. बिल्ल्याची आधी मागची बाजू बघायची, हे तुमच्याकडून शिकले. टाचणी किती वाकली आहे त्यावरून तो रोज लावला जात होता की सणावारी, ते कळते. एकदा भिंग माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, “कडा बघा. उजवीकडची झिजलीय. लावताना याचा अंगठा तिथं पडायचा. हा गडी डावखुरा होता, बाई.” ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नव्हते त्या माणसाचा हात मला तिथे दिसला. पुढे मी वर्गात नकाशासुद्धा वेगळ्या तऱ्हेने शिकवू लागले.

आणि आई गेली तेव्हा. मी घराबाहेर पडत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. तुम्ही एक दिवस मुलांनी टाकून दिलेल्या कंपासपेट्या घेऊन आलात. आपला सगळा संग्रह तुम्ही त्या पेट्यांत ठेवत असा. “बाई, सगळे बिल्ले एकमेकांत मिसळलेत. माझ्याच्यानं लागेनात. तुम्ही लावून द्या.” ते तुम्ही मुद्दाम मिसळले होते. पहिल्या महायुद्धाचे आणि दुसऱ्याचे बिल्ले चुकून एका पेटीत जातील, इतके निष्काळजी तुम्ही कधीच नव्हतात. मी बसून ते लावत राहिले आणि त्या कामाने मला माणसांत आणले. तुमची ती लबाडी मला कळली होती आणि आवडली होती. म्हणूनच पुढची इतकी वर्षे मला वाटत राहिले की तुमची लबाडी मला नेहमी कळेल.

आता राघो भिवाचा बिल्ला. तो आपल्याला बटणांच्या डब्यात सापडला. मध्ये कमळ, वर राजाचा मुकुट, भोवती हिरव्या मिन्याचे, म्हणजे काचेसारख्या रंगलेपाचे, कडे, आणि कड्यावर देवनागरी अक्षरे: ‘लढाईपरत शिपाई मंडळ, सिन्नर’. मिन्याचा एक टवका उडालेला होता. मागे खिळ्याने ओरखडल्यासारखे नाव होते, राघो भिवा, आणि त्याखाली गावाचे नाव. तुम्ही तो तळहातावर घेतलात आणि परतीच्या बसमध्ये नाशिकरोड येईपर्यंत मूठ उघडली नाहीत. असा दुसरा बिल्ला आपल्याला कुठेच मिळाला नाही. मिळणारही नव्हता, तालुक्याच्या मंडळात असे सभासद ते किती असणार!

शाळेत आपण प्रदर्शन भरवले तेव्हा स्थानिक वर्तमानपत्रात त्या बिल्ल्याचे छायाचित्र आले. मागच्या बाजूचेच छापा, असा आग्रह तुमचा होता. तीन दिवसांनी सिन्नरजवळच्या त्या गावाहून एक म्हातारी आली. अंगावर पांढरे लुगडे, हाताला धरून आणणारी सून. काचेच्या पेटीवर दोन्ही हात टेकवून ती म्हणाली, “ह्यो माझ्या बापाचा हाय.”

ठकूबाई तिचे नाव. तिने जे सांगितले ते मी तुमच्याशेजारी उभी राहून ऐकले. राघो भिवा बसऱ्याला गेला होता. लढाई संपली, पुढे सरकारने त्याची पलटण मोडली आणि त्याला घरी पाठवले. घरी आल्यावर तो पुन्हा गावकुसाबाहेरचाच. मंडळ निघाले ते पेन्शनच्या अर्जांसाठी. “कचेरीत गेला की आमच्या मानसाला खालच्या पायरीवरनंच अर्ज फेकाया लागं,” ती म्हणाली. “ह्यो लावला का कचेरीतला शिपाई वर जाऊ द्यायचा. माझा बाप म्हनायचा, ह्यो बिल्ला नाय, ह्यो जिना हाय.” एका दुष्काळात तिच्या भावाने तो भांड्यांबरोबर मोडीत घातला. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती आणि तो न बोलताच वारला.

तिने बिल्ला मागितला. कसा मागितला ते आठवा, सर. “म्या मेल्यावर तुमी परत घ्या. शाळंत ठिवा. पर तवर माज्याजवळ ऱ्हाऊ द्या.”

तुम्हाला फक्त थांबायचे होते. ती तेव्हाच ऐंशीच्या पुढे होती.

“देतो ना आजी,” तुम्ही म्हणालात. “जरा साफसूफ करतो. तुमच्या हातात असा तसा कसा द्यायचा? महिनाभरानं आपण कार्यक्रमच करू.”

त्या संध्याकाळी रिकाम्या शिक्षकखोलीत आपला वाद झाला. तुम्ही टेबलाशी बसून मिन्याचा टवका निरखत होतात. तुटलेला बिल्ला दुरुस्त करावा की नाही, यावर आपले जुने भांडण होते. तुम्ही म्हणायचात, मोडका ठेवणे हा शिपायाचा अपमान. मी म्हणायचे, जिथे मोडला आहे तिथेच तो खरे सांगतो. पण त्या दिवशी विषय वेगळा होता.

“बाई, तिथं तो फळीवर कुठंतरी पडणार.”

“पडू दे. तिच्या बापाचा आहे.”

“आणि ती गेल्यावर? सून भंगारात देईल.”

“ते त्यांनी बघायचं.”

“आपण नसतो तर तो केव्हाच वितळला असता. वाचवणाऱ्याचा काहीच हक्क नाही?”

“बुडणाऱ्याला वाचवलं म्हणून त्याला घरी ठेवून घ्यायचं का सर?”

तुम्ही भिंग खाली ठेवलेत, मोठ्याने हसलात आणि म्हणालात, “हरलो, बाई.”

कार्यक्रमाला सगळी शाळा पटांगणात बसली होती. तुम्ही ठकूबाईंना शाल दिलीत, नारळ दिला, आणि लाल मखमलीची मिटलेली डबी त्यांच्या ओंजळीत ठेवलीत. त्यांनी ती डोळ्यांना लावली. मग बोलायला मी उभी राहिले. तुम्हीच सुचवले होते की बाईंनी बोलावे. मी मुलांना सांगितले की वस्तू जमवणे ही विद्या आहे, पण ज्याची आहे त्याला ती परत देणे हा त्या विद्येचा शेवटचा आणि सर्वांत अवघड धडा आहे. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. मी खुर्चीकडे वळले तेव्हा पहिली टाळी तुमची पडली.

ती टाळी मला आता ऐकू येते. एरवी मी शांतपणे कामे करते. भाजी निवडते, पेन्शनचे दाखले भरते, आणि मध्येच ती टाळी येते.

तुमच्या आजारपणात मी येत होते. तुम्ही बारीक होत गेलात, पण बोलणे तेच. एकदा वहिनी चहा करायला आत गेल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, “बाई, सिन्नरला एकदा जाऊन यायला हवं.”

“कशाला?”

“असंच. आजी कशा आहेत बघायला.”

“बरे व्हा. जाऊ.”

“तुम्ही बरोबर पाहिजेत मात्र. एकट्याच्यानं नाही व्हायचं.”

वहिनी कप घेऊन आल्या आणि तुम्ही साखर कमी आहे की जास्त, यावर बोलू लागलात. म्हणजे वाक्य तुमच्या ओठांपर्यंत आले होते. पुढे जे दिवस मिळाले त्यांत ते पुन्हा आणता आले असते. मी काही परीक्षेला बसवणार नव्हते तुम्हाला. रागावले असते, हे खरे. फार रागावले असते. मग रिक्षा करून बसस्थानकावर गेले असते आणि सिन्नरची गाडी धरली असती. तुम्हाला उठता येत नव्हते तर तुमच्या वतीने गेले असते. तुमच्या वतीने जाणे आणि तुमच्या पश्चात जाणे, या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मी आता जाऊन आल्यामुळे सांगू शकते.

दिवसकार्य झाल्यावर शालिनीवहिनींनी मला बोलावले. “बाई, हे सगळं तुमचंच आहे. मला आता त्या पेट्या बघवत नाहीत.” घरी येऊन मी एकेक कंपासपेटी उघडत गेले. तुमच्या रंगांच्या पेटीखालच्या एका डब्यात, फ्लॅनेलच्या तुकड्यात, राघो भिवाचा बिल्ला होता.

मला पहिल्यांदा काय वाटले ते सांगते. मला भरून आले. वाटले, सरांनी खरा दिला आणि आठवण म्हणून स्वतःसाठी नक्कल करून ठेवली. कशी सुंदर केली आहे! टवकासुद्धा उडालेला. मागचे नावही तसेच ओरखडलेले. मग केवळ सवयीने मी व्हर्नियर लावली.

बिल्ला सापडला तेव्हा मी घेतलेल्या मापाशी हे माप तंतोतंत जुळले. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले. फ्लॅनेलच्या खाली साच्याचे दोन अर्धे भाग होते आणि एक फसलेले ओतकाम होते, कमळाच्या पाकळ्या बुजलेले. पहिल्या प्रयत्नात तुम्हाला जमले नव्हते. म्हणजे एकदा थांबण्याची संधी तुम्हाला त्या धातूनेही दिली होती.

तरीही माझ्या हाती अर्धाच पुरावा होता. दुसरा बिल्ला मोजल्याशिवाय निष्कर्ष काढणे मला शोभले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिन्नरची एसटी धरली, पुढे जीपने गेले.

ठकूबाई ओटीवर खाटेवर बसल्या होत्या. मोतीबिंदूने डोळे पांढुरके झालेले, आवाज मात्र तसाच. “कोन? बाई? सर नाय आले?” तुम्ही गेलात हे मी सांगितले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सर, ती बाई तुमच्यासाठी रडली. सून मंदाने मला आत नेऊन दाखवले: भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याशेजारी काचेच्या चौकटीत, लाल कापडावर बिल्ला. खाली कार्यक्रमाचे छायाचित्र, त्यात तुम्ही, मी आणि ओंजळ धरलेल्या ठकूबाई.

“हे सव्वीस जानेवारीला काढतो आमी,” मंदा सांगत होती. “आत्याबाईंना लावतो आन् गावच्या शाळंत नेतो. गुरुजी बोलवत्यात दरसाल.”

मी चौकट उघडण्याची परवानगी मागितली. माप घेतले. केसभर लहान. मिन्याच्या जागी तेलरंग होता. नखाने दाबला तर काचेसारखा थंड लागत नव्हता. तुमचा हात फार चांगला होता, सर. भिंतीवर तो वर्षानुवर्षे राहिला असता आणि कोणालाही कळले नसते.

मी दोन्ही बिल्ले खाटेवर ठेवले आणि जे होते ते सांगितले. सोपे करून सांगण्याची मला सवय आहे, पण हे कितीही सोपे केले तरी ऐकणाऱ्याला समजत नव्हते.

“म्हंजी हा डुप्लिकेट हाय?” मंदाने विचारले.

“हो.”

“आन् सरांनीच केला?”

“हो.”

“ते तर लय भले मानूस व्हते,” ती म्हणाली. तिला माझाच संशय येत होता. आला तर नवल नाही.

ठकूबाईंनी दोन्ही बिल्ले दोन हातांत घेतले. अंगठ्याने चाचपले. “मला तर दोनी सारखंच लागत्यात,” त्या म्हणाल्या. मंदाने चुलीवरचे दूध उतरवले, परत येऊन उंबऱ्यात उभी राहिली. मग ठकूबाईंनी मला विचारले, “बाई, म्या दरसाल पोरांम्होरं सांगते, ह्यो माझ्या बापाच्या छातीवर व्हता. तर म्या खोटं बोलले का?”

“नाही, आजी. तुम्ही खोटं नाही बोललात.”

“मंग कोन बोललं?”

मी आयुष्यभर मुलांचे प्रश्न घेतले. उत्तर येत नसेल तर ‘उद्या सांगते’ म्हणण्याइतका प्रामाणिकपणा ठेवला. तिथे मी व्हर्नियर मिटून पर्समध्ये ठेवली.

“तुमी बी बोलल्या व्हत्या त्या दिशी,” त्या म्हणाल्या. “द्यावं, परत द्यावं, आसं काय काय. लय चांगलं बोलल्या व्हत्या. तुमाला ठावं व्हतं का?”

“नाही.”

“मंग तुमाला बी फशिवलं,” असे म्हणून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सांत्वन करायला मी गेले होते.

खरा बिल्ला त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. चौकटीत परत लावू दिला नाही. नक्कल माझ्या हातावर ठेवली. “ह्यो न्या. मला नगं. त्यांच्या फोटूला लावा.” आवाज चढलेला नव्हता. जेवून जा, असेही त्या म्हणाल्या, आणि मी जेवले, कारण नाही म्हटले असते तर ते आणखी वाईट झाले असते.

परत येताना मी तुमच्या बाजूने कारणे मांडून पाहिली. ती पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. वर्गात मी दोन्ही बाजू मांडायला लावत असे. एक, तुम्हाला खरोखर भीती वाटली की बिल्ला पुन्हा मोडीत जाईल. पण मग तुम्ही साचा ठेवून खरा देऊ शकला असतात. काळजी बिल्ल्याच्या रूपाची होती तर ते रूप तुमच्याजवळ राहिलेच असते. दोन, तिला दोन्ही सारखेच, तिचे समाधान झाल्याशी कारण. हे तर त्या कचेरीतल्या शिपायाचेच म्हणणे झाले, सर: अर्ज पोचल्याशी कारण, तो खालच्या पायरीवरून का होईना. तीन, तुम्हाला तो आवडला होता आणि देववेना. हेच खरे असावे. हे तुम्ही मला सांगितले असते तर मला समजले असते. मलाही तो देववत नव्हता. त्या संध्याकाळी वाद घालताना मी तुमच्याइतकीच त्या हिरव्या कड्याकडे बघत होते.

मग माझ्या तोंडून ते भाषण कशाला करवलेत? डबी तुम्ही एकट्याने जाऊन दिली असती, तर हा तुमचा आणि ठकूबाईंचा हिशोब राहिला असता. तुम्ही साऱ्या शाळेला साक्षीला बसवलेत, आणि खोट्यावर सही माझी घेतलीत. ज्या बाईचे माप चुकत नाही असे सगळे मानत, तिला तुम्ही शेजारी उभे केलेत, म्हणजे कोणी मोजायला जाणार नाही. तुम्हाला हे सुचले नसेल, नुसते ओघात झाले असेल, असे मी कितीदा तरी स्वतःला सांगितले. पण तुम्ही ओघात काही करणारे नव्हतात. तुम्ही रेघसुद्धा आधी टिंबे देऊन मारत असा.

शालिनीवहिनींना मी सगळे सांगितले. त्या तुमच्या छायाचित्राखाली बसल्या होत्या. चंदनाचा हार अजून नवा आहे.

“तो महिना मला आठवतो,” ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. “गच्चीवर शेगडी पेटवून बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, शाळेचं काम आहे.” मग म्हणाल्या, “तुम्ही हे लिहिणार आहात का, बाई?”

“तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार.”

“मी कशाला नको म्हणू? तुम्ही पोरांसमोर बोलला होतात. ती पोरं आता मोठी झाली असतील. त्यांना खरं कोण सांगणार?” त्यांनी नक्कल हातात घेतली, उलटीपालटी केली. “हात मात्र यांचाच,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मला ते बघवले नाही. “त्या आजी म्हणाल्यात ना, फोटोला लावा? मग लावू. त्यांचा शब्द मोडायचा नाही. पण त्यावर काय ते लिहून आणा. येणाऱ्याजाणाऱ्याला मी किती वेळा सांगत बसू?”

म्हणून काल मी भांडी बाजारात गेले. लग्नाच्या भांड्यांवर नावे घालून देणारे असतात, त्यांतला एक माणूस दुकानाच्या कडेला यंत्र घेऊन बसला होता. त्याच्यापुढे ताटांचा ढीग होता. मी बिल्ला त्याच्या हातात दिला आणि मागच्या बाजूला काय घालायचे ते सांगितले: नक्कल, आणि त्याखाली तुमचे पूर्ण नाव.

त्याने बिल्ला उजेडात धरला. “इथं आधीचं नाव आहे, बाई. राघो का काहीतरी.”

“ते खोडा. ते यांचं नाही.”

त्याने ते घासून काढले. सुई बदलली, ‘नक्कल’ कोरले, तुमच्या नावाचे पहिले अक्षर घातले आणि थांबून बिल्ला पालथा केला. मुकुट बघितला, कमळ बघितले, कड्यावरची अक्षरे ओठ हलवत वाचली. मग आदराने विचारले,

“लढाईपरत म्हणजे मिलिटरीतले ना हे? कुठल्या लढाईत होते?”

“कुठल्याच नाही,” मी म्हणाले.